चिमूटभर साखर

ह्यांनी देवपूजा सोडली त्याच्या चौथ्या दिवशी, देवघर काढलेल्या जागी भिंतीतून एक रस्ता निघाला.

देवघर एकतीस वर्षं त्या भिंतीवर होतं. ते उतरवल्यावर मागे फिकट चौकोन उरला, दोन हात उंच आणि दीड हात रुंद. तो आधी कोनाड्याएवढा खोल झाला, मग कपाटाएवढा. गुरुवारी सकाळी चहा गाळताना बघते तर आत तांबडी माती, दोन्ही बाजूंना गवत आणि लांबवर एक वळण. आमच्या त्या भिंतीपलीकडे शिराळकरांची मोरी आहे. मी जाऊन कुमुदवहिनींना विचारून आले. त्यांची मोरी जागेवर होती.

"रस्ता आहे," हे म्हणाले.

"दिसतोय," मी म्हटलं. "चहा घ्या आधी."

पूजा का सोडली म्हणाल तर भांडणबिंडण काही नाही. एका सकाळी देवांना आंघोळ घालता घालता हे थांबले, सगळे देव पंच्यात गुंडाळले आणि म्हणाले, "मी नुसतं पाठ केलेलं म्हणतोय गं. आता जे शोधायचं ते माझं मी शोधीन." देव धाकट्या भावजींकडे विश्रामबागला गेले. मी काही मोठी भाविक नव्हे. पण त्या पूजेत माझा वाटा होता. वाती मी वळायची, फुलं मी तोडायची, नैवेद्य माझ्या हातचा. ह्यांच्या ह्या नव्या शोधात मला कामच ठेवलं नव्हतं.

म्हणून मी डबा दिला. पाटबंधारे खात्यात असताना न्यायचे तोच, तीन कप्प्यांचा. पोळी, दोडक्याची भाजी, दहीभात. ह्यांनी डबा काखेत धरला, वाकले आणि मातीवर उतरले.

संध्याकाळी सहाला परत आले. चपला तांबड्या झाल्या होत्या. चेहरा इतका निवांत की लग्नापासून मी तो दोनदाच पाहिला असेल, तोही मुलींच्या जन्माच्या वेळी.

मी डबा उघडला आणि मोरीतच खाली बसले. डबा घासलेला होता. नुसता विसळलेला नव्हे, राखेनं घासून लख्ख केलेला. कडेच्या खाचेत अठरा वर्षांचा हळदीचा डाग होता, तोसुद्धा गेला होता. आणि वरच्या कप्प्यात चिमूटभर साखर होती.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. हे कुठल्याही पुरुषाला सुचायचं नाही.

"तिकडे कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग डबा कोणी घासला?"

"मी नाही घासला," हे म्हणाले, आणि ते खरं होतं. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मीही येते. पदर खोचला, वाकले, आणि कपाळ थाडकन आपटलं. माझ्यासाठी तिथे भिंतच होती. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. हे आत मातीवर उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"तुझी वाट वेगळी असेल गं," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, आणि मला त्या मऊपणाचाच संताप आला.

"सप्तपदीच्या वेळी नाही बोललात ते!"

ते ओशाळले. पण गेले.

त्या दिवशी मधल्या कप्प्यात ऊन आलं. पोळीसारखं चौपदरी घडी घातलेलं. उलगडलं तर ओट्यावर मावेना. मी त्याच्यावर सांडगे घातले, वाया कशाला घालवायचं? पण एकेक सांडगा आपटूनच घातला. इतकी वर्षं मी ह्या माणसाला पोळीभाजी दिली आणि ही बया ऊन देते.

कुमुदवहिनी सांडगे बघायला आल्या.

"पुरुषाचं बाहेर कुठे मन रमलं की आधी भूक बदलते," त्या म्हणाल्या. "डबा संपतो का?"

"चाटूनपुसून. पण घरी आल्यावर जेवत नाहीत."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या, आणि दोन कच्चे सांडगे तोंडात टाकून गेल्या.

मी जळले. खोटं कशाला सांगू? रात्री कूस बदलली की ह्यांच्या अंगाला गवताचा वास यायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाहेर एखादी बाई असती तर तिच्या दारात जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. इथे दारच माझं होतं, आणि मलाच आत जाता येत नव्हतं.

मग मी इरेला पेटले. पुरणपोळ्या पाठवल्या. अळूचं फदफदं पाठवलं. वांगी भरून पाठवली, देठासकट. तिकडूनही यायला लागलं. एकदा माझी मोत्याची कुडी आली, एकोणीस वर्षांची असताना माहेरच्या विहिरीत पडलेली, अजून ओली. एकदा आई पहाटे तांदूळ धुवायची तो आवाज आला. झाकण उघडलं की यायचा, लावलं की थांबायचा. माझ्या वस्तू हिच्याकडे कशा? ह्यांनीच सांगितलं असणार. म्हणजे तिकडे बसून दोघं माझ्याविषयी बोलतात! कुडी हरवल्याचं मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला दोन दिवसांनी आठवलं. तरी राग काही उतरला नाही.

सोमवारी मी भाजीत मूठभर मीठ घातलं. त्या संध्याकाळी चौकोन चार बोटांनी लहान झाला होता. मंगळवारी शिळ्या पोळ्या दिल्या. चौकोन वीतभर कमी झाला. बुधवारी भात मुद्दाम करपवला, तेव्हा ह्यांना रांगत बाहेर यावं लागलं. कोपरं सोलवटली. मी खोबरेल तेल लावून दिलं.

"अगं, वाट आवळत चाललीय," हे म्हणाले.

"ओल धरली असेल भिंतीनं," मी म्हटलं. मनात म्हटलं, बुजू दे एकदाची, बसतील घरी.

गुरुवारी मी डबा रिकामा दिला. तिन्ही कप्पे धुऊन, पुसून, कडी लावून.

हे चौकोनापुढे पालथे पडले होते. डबा हातात घेऊन त्यांनी हलवून पाहिला.

"हलका लागतोय."

"तिकडे पोट भरतंच ना तुमचं?"

त्यांनी डबा कुशीत घेतला. मग म्हणाले, "तिथलं मला काही सांगता येत नाही गं. सांगायला गेलो की शब्दच सापडत नाहीत. तिथे माझं नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. डबा उघडला की तू आठवतेस. म्हणून सहाला परत यायचं कळतं."

मला 'थांबा' म्हणायचं होतं. डबा ओढून घ्यायचा होता. तोंडातून आलं एवढंच, "सहाला या."

"हो," हे म्हणाले, आणि खांदे तिरके करून आत सरकले.

सहा वाजले. चौकोन डब्याएवढाच राहिला होता. त्यातून डबा बाहेर ढकलला गेला. पाठोपाठ कोणी आलं नाही.

डबा लख्ख घासलेला होता. वरच्या कप्प्यात चिमूटभर साखर. मधल्यात चिमूटभर साखर. खालचं झाकण उघडलं तसं आतून हे म्हणाले, "अगं." न्हाणीघरातून टॉवेल मागताना म्हणतात तसं, एकदाच. मग कप्पा रिकामा झाला.

मी रिकामा पाठवला होता. तिनं रिकामा परत केला नव्हता. लाज वाटली मला. जळणं थांबलं नाही, पण लाज वाटली.

आता माझी पाळी होती. घरात तिच्या तोडीचं काय होतं? मी वरच्या कप्प्यात तोंड घालून "अहो" म्हटलं आणि सांडायच्या आत झाकण लावलं. डबा जड झाला. भिंतीपाशी नेला तर आत जाईना, चौकोन वाटीएवढा झाला होता. वाटी घेतली, तिच्यात "अहो" म्हटलं, वर तळहात धरून पळत आले. वाटीही जाईना. पळी आणली. पळीतलं "अहो" वाटेतच लवंडलं, स्वयंपाकघरभर ऐकू आलं.

तोवर नुसतं चिमटीएवढं भोक उरलं होतं. मी साखरेच्या बरणीत हात घातला, चिमूट भरली आणि तीन बोटं आत घातली. ह्या खेपेला भिंत आड आली नाही. आत गार होतं.

"रिकामं पाठवलं, चुकलं माझं," मी म्हटलं. "ह्यांना धाडून दे."

आतून कोणीतरी साखर घेतली. ती बोटं ओली होती, राखेनं खरखरीत झालेली. भोक आणखी आवळलं. मी हात मागे घ्यायला लागले. साखर घेतली होती, पण बोटं सोडली नाहीत.