पाडणाऱ्याचे नाव

माझं अक्षर वळणदार आहे, हाच माझा दोष. हिर्डोशीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हापासून गावातला प्रत्येक अर्ज माझ्याच टाकातून उतरतो. त्यातला एकच साफ फसला, आणि त्याचीच मी सगळ्यात जास्त शेखी मिरवतो.

सोजराबाईचं घर भैरोबाच्या राईला लागून होतं. राई देवाची. तिथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा गावाचा कडक नेम. राईच्या कडेचा ऐनाचा एक जुना वृक्ष तिच्या घरावर कलला होता. तोडावा तर देव कोपणार, ठेवावा तर घर जाणार. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दुसरं घर बांधायची ऐपत नाही. म्हातारी रोज सकाळी आधी झाडाकडे बघायची, मग चूल पेटवायची.

हा कललेला ऐन सावळारामाच्या नजरेस पडला. भोर संस्थान विलीन झालं तशी याची कारकुनी सुटली आणि हा पुण्याच्या एका विमा कंपनीचा एजंट झाला. डोक्यावर काळी टोपी, पायात बूट, जिभेवर साखर.

"बाई, आग लागो, वीज पडो, वादळात झाड कोसळो, आमची कंपनी तुमच्या पाठीशी उभी आहे," तो म्हणाला.

कंपनी उभी होती खरी, पण पुण्यात. सोजराबाईनं हिरडा विकून हप्ता भरला. पॉलिसीचा कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

चैत्रात एका दुपारी वावटळ सुटली आणि ऐन आडवा झाला. सोजराबाई पाण्याला गेली होती म्हणून वाचली. आढं मोडलं, वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. झाड देवाचं, म्हणून ते हलवायलाही कुणी हात लावेना. ऐन घरात ऐसपैस पसरला आणि घरधनीण शाळेच्या ओसरीवर राहायला आली. पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर या घाटमाथ्याच्या पावसात भिंतीही उरणार नव्हत्या.

मी कंपनीचा फॉर्म पुढ्यात घेतला.

"वाऱ्यानं झाड पडलं, असं लिहितो," मी म्हणालो.

"पडलं न्हवं, गुरुजी. राईतलं झाड आपसूक पडत न्हाई. भैरोबानं पाडलं म्हना. पडलं म्हनलं तर देवाचं ध्यान नव्हतं असा अर्थ हुतो."

इथं वाद घालायला हवा होता. पण माझं लक्ष पुढच्या रकान्यात अडकलं होतं: 'पाडले असल्यास पाडणाऱ्याचे नाव व पत्ता.' रिकामा रकाना मला सोसत नाही. मी झोकात लिहिलं, 'भैरोबा, राहणार राई, मौजे हिर्डोशी.' खाली सोजराबाईचा अंगठा घेतला आणि अक्षराकडे कौतुकानं बघत बसलो.

महिन्याभरानं उत्तर आलं. 'आपण नमूद केल्याप्रमाणे सदर झाड भैरोबा नामक इसमाने पाडले आहे. त्रयस्थ इसमाच्या कृत्याने झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही. सबब भरपाई सदर इसमाकडून घ्यावी.' खाली सही आणि जांभळा शिक्का.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यातल्या त्या शहाण्यांना शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. दुसरा अर्ज लिहायला कागद ओढला, तर म्हातारीनं माझा हात धरला.

"पुन्यांदा वाचा. म्हंजी भरपाई भैरोबानं द्यायची?"

"तसंच लिहिलंय."

"शिक्का हाय न्हवं?"

"आहे."

"मग चला देवळात."

देवळात गेनबा गुरव होता आणि राईचे राखणदार मानसिंग पाटील होते. सगळं ऐकून पाटील खवळले. "सोजराबाई, राईतली काडी घरात जात न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"काडी कोन मागतंय? म्या अख्खं झाड मागते. आन् पाटील, तुमच्या ओसरीचे खांब कुठल्या रानातले?"

पाटलांचा चेहरा पडला. "त्ये... देवाचा कौल घिऊन आनले."

"मग माजाबी कौल लावा."

गेनबानं पाटलांकडे चोरून बघितलं, पण पाटलांच्या तोंडून गेलेले शब्द आता मागं घेता येईनात. त्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. बराच वेळ काहीच हलेना. पाटलांच्या तोंडावर हळूहळू रंग परत येऊ लागला.

"गुरुजी, कागूद वाचून दावा देवाला," सोजराबाई म्हणाली. "त्याच्या नावाचा हाय."

मी घसा साफ केला आणि भैरोबासमोर सरकारी थाटात ते पत्र वाचलं. लाज वाटत होती, पण आवाज चढत गेला. 'सबब' म्हटलं आणि उजवी कळी टपकन खाली आली.

मिरगाच्या आत ऐनाचं आढं आणि ऐनाचेच वासे चढले. सगळं गाव राबलं. पाटलांनी कौलं दिली. त्यांना ती द्यावीच लागली, कारण खांबांची गोष्ट आता सगळ्यांच्या तोंडी होती.

वर्ष सरल्यावर सावळाराम हप्त्याला हजर. मला वाटलं, म्हातारी त्याला शिव्या देईल. तिनं चहा दिला. चहा पिता पिता त्यानं नवं छप्पर न्याहाळलं आणि मग त्याची नजर राईकडे गेली.

"बाई, ती जांभूळ बघितलीत का? तीही तुमच्याच अंगावर कललीय."

सोजराबाईनं मान वर करून जांभळीकडे नीट पाहून घेतलं.

"कलू द्या," ती म्हणाली. "औंदा गोठा बांधायचाय."