दंडाचं चित्र असलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावर पिळदार दंडाचं चित्र छापलेलं आहे आणि त्याचा मला एके काळी भारी तोरा होता. परदेशातल्या कारखान्यात माझ्यात ताकदीची पावडर भरली, तोंडाला चकचकीत सील लावलं आणि कुणाच्या तरी सामानातून मी बंगळूरला, बनशंकरीतल्या मल्हारच्या घरी आलो.

मल्हार रग्बी खेळायचा. त्या खेळात रेटारेटी फार. "वजन वाढव, नाहीतर बाहेर बसशील," असं त्याला सगळे सांगत. नव्वदच्या दशकात असली पावडर सहजासहजी मिळत नसे. त्यामुळे मैदानावरून आला की तो आधी मला शोधायचा, मग आईला. एक चमचा पुरे असं माझ्यावर छापलेलं असूनही पठ्ठ्या तीन घालायचा आणि नाक दाबून एका दमात प्यायचा.

पावडर संपली. त्याच्या आईने, श्यामलाबाईंनी, मला धुऊन माझ्यात चक्क रांगोळी भरली. मी रुसून बसलो. मग मल्हारने जिमवाल्या हयवदनकडून माझ्यासारखाच दुसरा डबा आणला आणि तो माझ्या शेजारी ठेवला.

राज्याच्या संघाची निवड होती, त्या सकाळी तो फार घाईत होता. त्याने न बघता मलाच उचललं. चमचे दुधात पडले. तो ढवळू लागला. डब्याला तोंड असतं, पण आवाज नसतो. ग्लास ओठांना लागला आणि माझा जीव कासावीस झाला.

"अय्यो, मल्हार! थुंक ते! रांगोळी आहे ती!"

रांगोळी न्यायला आलेल्या श्यामलाबाईंनी ग्लास हिसकावला. तळाशी दगडाची पूड बसली होती.

"सरी, सरी, कळलं, ओरडू नको," मल्हार चूळ भरत म्हणाला. "तो दुसरा डबा दे. उशीर होतोय."

"थांब स्वल्प. हा आणलास तेव्हा याला सील होतं का?"

"नव्हतं. हयवदन अण्णाने काढलं असेल. चव बघायला."

श्यामलाबाईंनी झाकण उलटं केलं. आतल्या कडेला जुनी हळद चिकटली होती. म्हणजे तोही माझ्यासारखाच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आला होता आणि पुन्हा भरला गेला होता!

मल्हारचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, महिनाभर मी हे पितोय."

तो नुसता उपमा खाऊन मैदानावर गेला. त्याची निवड झाली नाही. मला फार वाईट वाटलं. पण त्याहून मोठा घोर घराला लागला होता. दोघं मायलेक हयवदनकडे गेले आणि डब्यात काय भरलं होतं ते विचारलं.

"गोत्तिल्ल," तो म्हणाला. म्हणजे, ठाऊक नाही. त्यालाही ते डबे भरूनच मिळत.

मित्रांनो, माझ्यात रांगोळी आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. तुम्ही तोंडाला लावत असलेल्या डब्याबद्दल तसं कुणीच सांगत नसेल, तर कृपा करून तो खाली ठेवा.