गुरुवारचं वजन

पडदेवाल्याने बरणीवर खडूने मारलेल्या रेघेपर्यंत दूध ओतलं, त्यात दोन चमचे चियाच्या बिया टाकल्या आणि घड्याळाकडे बघत तो ढवळायला लागला. एकदा ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा ढवळायचं, असं लेकीने फोनवर तीनदा बजावलं होतं. पहिल्या दिवशी दुसरं ढवळणं विसरून त्याने बरणी तशीच फ्रिजमध्ये ठेवली, तर सकाळी तळाशी खळीसारखा गोळा निघाला. चाळीस वर्षं पडदे शिवलेल्या माणसाला खळीची काय नवलाई! पण ती बायकोला भरवायची नव्हती. त्या दिवसापासून तो दहा मिनिटं ओट्यापाशीच उभा राही आणि तेवढ्यात केळं कापून, डाळिंब सोलून ठेवी.

बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून ती उतरत चालली होती. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सरळ सांगितलं होतं, वजन अडतीसच्या खाली गेलं की भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची. दर गुरुवारी आरोग्य केंद्रात काट्यावर उभं राहायचं. मागच्या गुरुवारी काटा अडतीस किलो दोनशेवर थांबला होता.

"नळी नको," डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं तेव्हाच ती म्हणाली होती. "जे काय व्हायचं ते घरी होऊ द्या."

एवढं एकच मागणं तिने संसारात हट्टाने मागितलं असेल. मग लेकीने हे पुडिंग सुचवलं. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर चमचाभर बिया होत्या.

"बेडकाची अंडी दिसतात हो ही," पहिल्या वाटीला ती म्हणाली होती.

"बेडूक बघ कसा टणाटण उड्या मारतो. खा."

"तुम्ही पण घ्या की जरा."

"मला काय धाड भरलीय? हे तुझं औषध."

तिने खाल्लं. दहा दिवस, दिवसातून तीन वाट्या. तो समोर बसला की दोन चमच्यांनंतर म्हणायची, "तुम्ही जा, कामं पडलीत. मी खाते सावकाश." तो मागच्या खोलीत मशीनवर बसायचा आणि परत यायचा तेव्हा वाटी चाटूनपुसून लख्ख असायची. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मंगळवारी तर तो हुरळूनच गेला. ती खिडकीपाशी तिचा बाहेर घालायचा गाऊन मांडीवर घेऊन काहीतरी शिवत होती. त्याने कापायचं आणि तिने काठ घालायचे, अशी त्यांची कामाची वाटणी जन्मभराची. ऑपरेशननंतर सुई तिने पहिल्यांदाच हातात घेतली होती.

"काय शिवतेस?"

"काठ उसवलाय. परवा काट्यावर फाटकी उभी राहू का?"

तो हसत हसत मशीनवर गेला.

गुरुवारी आरोग्य केंद्रात सिस्टरने तिला हाताला धरून काट्यावर चढवलं.

"अडतीस नऊशे! आजी, सातशे ग्रॅम वाढल्या की तुम्ही! आजोबा, काय खाऊ घालता एवढं?"

पडदेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने सिस्टरला अख्खी कृती सांगितली, दोन्ही वेळच्या ढवळण्यासकट. सांगताना त्याचा आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेले लोक आत डोकावले. बायको मात्र भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

तिच्या चपलेचा पट्टा लावायला तो खाली बसला.

डोक्यावर पंखा गरगरत होता. सिस्टरच्या टेबलावरचे कागद फडफडत होते, खिडकीचा पडदा वर उडत होता. बायकोचा गाऊन धुऊन धुऊन विरलेला, हलका सुती. त्याचा काठ मात्र जागचा हलत नव्हता. कापड ओळंब्यात सोडल्यासारखं सरळ लोंबत होतं. असं कापड का लोंबतं, हे त्याने गिऱ्हाइकांना हजारदा समजावलं होतं. पट्टा लावता लावता त्याने काठ चिमटीत धरून पाहिला. आतून मणी लागले, एकाला एक चिकटून. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून काठात घालतात ती शिशाची दोरी.

गाऊन त्यानेच शिवलेला होता. घेर अडीच मीटर. दोरी मीटरला चारशे ग्रॅम. म्हणजे एक किलो. अडतीस नऊशेतून एक किलो गेला की उरले सदतीस नऊशे.

"लागला का हो पट्टा?" सिस्टरने विचारलं.

"लागला," तो म्हणाला. काठ हळूच सोडून तो उठला.

टॅक्सीत लेकीचा फोन आला. त्याने काट्यावरचा आकडा सांगितला. "बाबा, मी म्हटलं नव्हतं?"

"हो गं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी येऊन त्याने सवयीने बरणी काढली, वाटीत पुडिंग ओतलं, वर डाळिंब पसरलं. मग ओट्यापाशी उभ्याउभ्या एक चमचा स्वतःच्या तोंडात घातला. दहा दिवसांत पहिल्यांदाच. बुळबुळीत घास, ना गोड ना आंबट. त्याला तो पाण्याबरोबर उतरवावा लागला.

वाटी घेऊन तो तिच्यासमोर बसला.

"टाकून देत होतीस ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गाऊनच्या काठाकडे. त्याला कळलंय हे तिला कळलं.

"खिडकीतून टाकत असशील. नाहीतर मोरीत." त्याचा आवाज गयावया करत होता. तिने टाकलं असेल तर अजून इलाज होता. समोर बसून, ओरडून, पाया पडून भरवता आलं असतं. "रागावत नाही मी. सांग. टाकलंस ना?"

"नाही हो." ती हळू म्हणाली. "सगळं खाल्लं. एक चमचा टाकला नाही."

तो वाटीतले डाळिंबाचे दाणे चमच्याने इकडून तिकडे करत बसला.

"हे आता नको करूस मला, चालेल?" तिने विचारलं. म्हातारपणी कधीतरी ती त्याच्याशी एकेरीत बोलायची, लेक घरात नसताना.

"नाही करत."

तो वाकला. तिच्या पायाशी काठाचा एक टाका सुटत आला होता आणि पुढचे दोन लांब लांब पडले होते. तिचे टाके असे कधी पडत नसत.

"हात कापतो आता," ती म्हणाली.

"गाऊन बदल आणि तो दे इकडे. दुहेरी दोऱ्याने घालतो."

तो मागच्या खोलीत गेला, कपाटातून शिशाच्या दोरीचं रीळ काढलं, टेप उलगडली आणि पुढच्या गुरुवारसाठी आणखी दीड मीटर दोरी मोजून कापली.