नवऱ्याच्या नावाची जागा

गाणं एकच गाजलं, आणि त्या एका गाण्याने आग्नेलचा पार विचका केला.

पापडी गावच्या चार पोरांनी १९७८ साली ‘द टाइड्स’ नावाचा रॉक बँड काढला, तेव्हा त्यांच्याकडे दोन गिटार, एक बास, सॅन्टनचे ड्रम आणि वाटेल तेवढी मिजास होती. सॅन्टन दिवसा वालीवच्या कारखान्यात पत्रे ठोकायचा आणि संध्याकाळी ड्रम बडवायचा. ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नसे. इंग्रजी गाणी वाजवून कुणी हिंग लावून विचारीना, तेव्हा आग्नेलने आपल्या मटिल्डा मावशीचं लग्नातलं पाण्याचं गाणं उचललं आणि त्याला गिटार जोडली. लग्नात नवरीसाठी विहिरीचं पाणी आणताना गावच्या बायका ते म्हणत. पहिल्या ओळीत नवरीचं नाव घालायचं, दुसरीत नवऱ्याचं, आणि दोन्ही नावं आली की मगच बाकीच्या बायकांनी ओळ उचलायची, अशी रीत.

पान्याला निघाली रोझलिन नवरी,
घागर उतरवी...

आग्नेलने एवढंच गायलं. नवऱ्याच्या नावाच्या जागी नुसती गिटार.

रोझलिन ही अँथनी मास्तरांची मुलगी. चर्चच्या कॉयरमध्ये ती पुढच्या रांगेत उभी राहायची आणि आग्नेल मागच्या. सहा वर्षं त्याने तिची वेणी पाहिली होती, पण तोंडातून शब्द म्हणून काढला नव्हता. गाण्याची तबकडी निघाली, तिच्यावर मात्र रोझलिनचं नाव घालून मोकळा झाला. स्वतःचं नाव घालायची पाळी आली तेव्हा शूर गड्याचे हात गिटारकडे वळले.

आणि नेमकी ती रिकामी जागाच लोकांनी डोक्यावर घेतली! रेडिओवर गाणं लागलं, वांद्र्यापासून पुण्यापर्यंत बोलावणी आली, आणि जाईल तिथे पोरं त्या जागी आपापलं नाव ओरडायची. जो तो रोझलिनचा नवरा. सहा महिने बँडचे पाय जमिनीला लागले नाहीत. मग दुसरी तबकडी आली. ती नातेवाइकांनी घेतली, तीही भिडेखातर. तिसरी काढायचं कुणी नावच काढलं नाही. आता ‘टाइड्स’ला कुठे बोलावलंच, तर त्या एका गाण्यासाठी.

गावात वेगळाच घोळ झाला होता. लग्नाच्या गाण्यात नाव गेलं म्हणजे पोरगी ठरलेली, हे पापडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. रोझलिनला दोन स्थळं आली आणि ‘ही गाण्यातली ना?’ असं विचारून परत गेली. तेव्हा एका दुपारी ती स्वतः आग्नेलच्या ओटीवर येऊन उभी राहिली.

“त्या जागी नाव का नाय घातलंस?” तिने सरळ विचारलं.

ती एवढी उन्हातून कशासाठी आली आहे, हे आग्नेलला कळलं होतं. कळूनही तो म्हणाला, “ताल बसत नव्हता.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली. चार महिन्यांत वटारच्या व्हिन्सेंटशी तिचं ठरलं.

व्हिन्सेंट भला माणूस. पण त्याचा काका इग्नेशियस म्हणजे खमक्या. त्याने अँथनी मास्तरांना अट घातली: लग्नात हाच बँड आणि हेच गाणं. “लपवन्यासारखं काय नसेल तर वाजू दे. मी समोर बसून ऐकनार.” मास्तर ती अट घेऊन आग्नेलकडे आले. “बाबा, दोन स्थळं गेली,” एवढंच ते म्हणाले. आग्नेलने मान डोलावली.

मे महिन्यातला रविवार होता. चर्चमधून वरात मांडवात आली, जेवणं उरकली, तरी उकाडा हटेना. आग्नेल इतर गाणी एकामागून एक वाजवत वेळ काढत होता. इग्नेशियस पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मागे पापडीची पोरं दाटीने उभी होती, आणि त्यांचे चेहरे पाहूनच आग्नेलने पुढचं ओळखलं. रिकामी जागा आली की ही पोरं गप्प बसणार नव्हती. ती ‘आग्नेल!’ म्हणून ओरडणार होती, म्हाताऱ्याच्या कानाशी, नवरीच्या डोळ्यांदेखत. मग मिटलंच सगळं.

“जागा भरू नको हां,” सॅन्टन ड्रममागून पुटपुटला. “भरलीस तर गानं मेलं. त्याच्याशिवाय आपल्याकडे हाय काय?”

खरं होतं. बँडजवळ दुसरं काही नव्हतं, आणि आग्नेलजवळ तर नव्हतंच. ती जागा रिकामी होती तोवर कधीतरी तिथे आपलं नाव येईल असं त्याला वाटत होतं. तसं वाटणं मूर्खपणाचं होतं, पण तीन वर्षं तो त्याच्यावरच जगला होता.

इग्नेशियसने काठी आपटली. “ते गानं!”

आग्नेलने तार छेडली. मांडव शांत झाला. रोझलिनने हातातला फुलांचा गुच्छ मांडीवर ठेवला आणि ती त्याच्याकडे पाहू लागली.

“पान्याला निघाली रोझलिन नवरी...”

मागे पोरांनी छाती भरून श्वास घेतला. आग्नेलला तो ऐकू आला. त्याने गिटारवरचा हात उचलला.

“घागर उतरवी व्हिन्सेंट नवरा.”

पोरांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. सॅन्टनचा ठोका चुकला. तेवढ्यात कोपऱ्यातून मटिल्डा मावशीने ओळ उचलली. तिच्यामागून गावच्या साऱ्या बायकांनी. तीन वर्षांत बँडच्या या गाण्याला त्यांनी एकदाही साथ दिली नव्हती. आता त्या थांबेनात. बँडचा आवाज त्यात कुठल्या कुठे बुडाला. इग्नेशियसने काठी बाजूला ठेवली आणि तो टाळ्या वाजवू लागला.

त्या दिवसानंतर ‘टाइड्स’ कुठे वाजले नाहीत. कुणी बोलावलं नाही असं नव्हे. आग्नेलच गेला नाही.

त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तो वाकून वायरी गुंडाळत होता, तेव्हा नवरा-नवरी आभार मानायला आली. व्हिन्सेंटने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, सॅन्टनला मिठी मारली आणि तो पुढे झाला. रोझलिन जराशी मागे राहिली.

“बसला की रे ताल,” ती म्हणाली, आणि नवऱ्यामागून गेली.