तिन्हींत नेट आलं

लाल, जांभळा, सोनेरी. तीन पेनड्राइव्हवर नेलपॉलिशचे तीन ठिपके.

उरण. कंटेनर यार्ड. कागदपत्र विभाग. जागा एक.

गॅसवर सुकट.

खोलीत दुसरी व्यक्ती नको. फोन नको.

अकराला दार उघडेल, अकरा दहाला बंद होईल. दार म्हणजे वेबसाइट.

नीट सांगायचं तर: दहा पंचवीस झाले होते, नमिताची नोकरीची परीक्षा घरूनच होती, आणि लॅपटॉपला वायफाय सापडत नव्हतं.

लॅपटॉप जुना, मूळच्या सिस्टीमखाली दमलेला. तिच्या भावाने, दिघ्याच्या कुंदनने, तीन पेनड्राइव्हवर तीन खुल्या, फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीम भरून दिल्या होत्या. ज्यात वायफाय चालेल ती बसव म्हणाला. शनिवारी तिने तिन्ही चालवल्या. तिन्हींत नेट आलं. मग दिसायला साधी म्हणून लाल बसवली, जुनं सगळं पुसून.

आज फोन खोलीबाहेर ठेवायला तिने केबल उपटली. नेट गेलं. तिने कुंदनला फोन लावला.

"ताई, तू फोन लॅपटॉपला चार्जिंगला लावून टेस्ट केलंस?"

"नेहमी तिथंच लावते. सॉकेटला मिक्सर असतो."

"म्हणजे तिन्ही वेळा नेट फोनचं होतं. केबलमधून."

"ओरडू नको."

"ओरडत नाय. लालमध्ये फक्त खुलं सॉफ्टवेअर असतं. तुझ्या वायफाय कार्डाला कंपनीचं बंद सॉफ्टवेअर लागतं. ते लोक घालतच नाहीत. तत्त्व आहे त्यांचं."

"तत्त्व घाल खड्ड्यात. जांभळी की सोनेरी?"

"सोनेरीत कार्ड नक्की चालेल, पण ती जड आहे, कॅमेरा अडकेल. जांभळी हलकी. तिच्यात चालेल बहुतेक."

"बहुतेक?"

"बसवत बसू नको. पेनड्राइव्हवरूनच चालव. पण तो हलला की सगळं गेलं, सांगून ठेवतो."

जांभळी. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला बारा मिनिटं. काळा पडदा. पांढरी अक्षरं. काळा पडदा.

"काय झाला गो?" दारात सासू, शेवंताबाई.

"नेट दिसत नाही लॅपटॉपला."

"मंग चष्मा लाव त्याला."

"आई, प्लीज."

"वरच्या भाडेकरूचा हाय ना नेट?"

"तेही दिसायला हवं ना!"

दहा एकेचाळीस. जांभळी आली. वायफायची यादी उघडली. रिकामी. बंद केली, उघडली. रिकामी.

तिने जांभळा उपटला, सोनेरी खोचला. घाईत तो दोनदा उलटा धरला.

दहा पन्नास. काळा पडदा.

दहा सत्तावन्न. गोल फिरणारी खूण.

अकरा एक. अजून तीच.

अकरा तीन. यादीत पाच नावं. स्वतःच्या घराचं नाव तिला तिसऱ्यांदा वाचल्यावर ओळखू आलं. पासवर्ड चुकला. पुन्हा. लागलं.

"आई, फोन घेऊन जा. दार ओढून घ्या. स्वयंपाकघरात जा, इकडं नको."

"जातंय गो, जातंय."

अकरा सात. साइटने चेहरा मागितला. कॅमेरा सुरू झाला, अडकला. पडद्यावरची नमिता अजून दाराकडे बघत होती, खुर्चीतली नमिता सरळ बसली होती. पेनड्राइव्हला धक्का लागू नये म्हणून तिने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. उजव्या हाताने बाण हलवला. दोन सेकंदांनी तो हलला.

'प्रवेश करा.'

तिने दाबलं. अकरा नऊ.

बाण जागचा हलेना. मग पहिला प्रश्न उघडला.

सहा एप्रिलला नमिता उरणला रुजू झाली.