पंचेचाळीस गोळ्या

मशीन दिसायला लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याएवढी होती. शगुफ्ता ती एका हातात धरायची, समोर माणूस उभा करायची, त्याच्या पाठीमागे काळी पाटी लावायची आणि बटण दाबायची. दोन मिनिटांत छातीचा एक्स-रे लॅपटॉपवर यायचा. तो वाचायला डॉक्टरही लागत नव्हता. कॉम्प्युटरच फोटो वाचून शंका असेल तिथं लाल डाग उमटवायचा आणि बाजूला आकडा द्यायचा. आकडा मोठा आला की त्या माणसाचा बेडका डबीत घेऊन तपासायला पाठवायचा. जिथं एस.टी. दिवसातून एकदाच येते अशा गावांत ही मशीन पाठीवरच्या बॅगेतून जायची, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या शगुफ्ताला तिचा अभिमान होता. एक्स-रेचा कोर्स करून सात वर्षं तिनं एका खासगी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत काढली होती. टीबी शोधायच्या मोहिमेत लागल्यापासून ती गावोगाव हिंडत होती, आणि लोक तिला बाई म्हणत होते.

पिपरटोल्यात शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागलं तेव्हा धानाची मळणी सुरू होती. गावच्या आशा कार्यकर्त्या इंदुताई घरोघरी जाऊन माणसं आणत होत्या. लटारू काही यायला तयार नव्हता. त्याची मुलगी दिव्यानी महिन्याभरापासून खोकत होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेवटी शगुफ्ता स्वतः त्याच्या अंगणात गेली.

"लटारूभाऊ, फोटोच काढायचा आहे. सुई नाई, काही नाई."

"अन् त्याच्यात निंघालं तं?" लटारू धानाच्या ढिगाकडे पाहत म्हणाला. "पोरीचं नर्सिंगले नाव लागून राह्यलं. मेरिटमंदी आहे. टीबी आहे म्हणून एकदा बोभाटा झाला, का कोण घेते तिले?"

"निंघालं तं आज निंघालं, अन् उद्यापासून गोळ्या. सहा महिन्यांत पोरगी खडखडीत. सरकारच्या गोळ्या आहेत, एक दिवस खंड पडणार नाई. मी सांगून राह्यली न तुम्हाले."

दिव्यानी दारातच उभी होती. एकोणीस वर्षांची, काटकुळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. "बाबा, मी जातो," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघालीही.

लॅपटॉपवर तिच्या डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लाल डाग उमटला. चार दिवसांनी बेडक्याचा रिपोर्ट आला. टीबी होता, पण साधा. नेहमीच्या गोळ्यांना दबणारा. डॉक्टरांनी लिहून दिलं, रोज तीन गोळ्या, एकाच वेळी, उपाशीपोटी. महिन्याचं पाकीट इंदुताईंनी घरपोच केलं. तीन आठवड्यांत दिव्यानीचा ताप गेला. चौथ्या आठवड्यात तिनं इंदुताईंच्या फोनवरून शगुफ्ताला सांगितलं, "ताई, मले आता जेवण कमी पडते." शगुफ्ता त्या दिवशी उगाचच खुशीत होती.

दुसऱ्या महिन्याचं पाकीट आलं ते अर्धंच. पंचेचाळीस गोळ्या. वरून साठाच आला नव्हता. मूलला नव्हता, चंद्रपूरला नव्हता, गडचिरोलीकडूनही तेच ऐकू येत होतं. रोज मीटिंगमध्ये विचारणा व्हायची ती मात्र एकाच गोष्टीची, आज किती फोटो काढले. मशीन चालू होती. गावोगाव नवे लाल डाग सापडत होते. सापडलेल्यांची नावं यादीत चढत होती, आणि त्यांना द्यायला कपाटात काही नव्हतं.

त्याच सुमारास शगुफ्ताचे अब्बा, मुश्ताक, सकाळी बेसिनपाशी खोकले आणि पांढऱ्या चिनी मातीवर रक्त पडलं.

मुश्ताकचं गाद्या भरायचं दुकान होतं. आयुष्यभर कापूस पिंजलेला माणूस. खोकला त्यांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखा होता, कोणी कान देत नसे. शगुफ्तालाही कधी वाटलं नव्हतं की जी मशीन आपण गावोगाव फिरवतो ती आपल्या घरात एकदा वापरावी. तिनं मशीन घरी आणली. अब्बांना दिवाणखान्याच्या भिंतीशी उभं केलं आणि बटण दाबलं. दोन्ही बाजू लाल झाल्या.

मोहिमेचा सुपरवायझर अजय होता, वागायला चांगला. अब्बांच्या बेडक्याचा रिपोर्ट आल्यावर त्यानं शगुफ्ताला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं आणि कपाटाच्या खालच्या खणातून एक खोका काढला.

"दोन महिन्यांच्या पूर्ण गोळ्या आहेत. एक पेशंट हैदराबादले निघून गेला, त्याचा खोका राह्यला होता. वेगळा ठेवला होता अडीअडचणीले म्हणून." त्यानं खोका टेबलावर तिच्याकडे सरकवला. "घेऊन जा. जिल्ह्यात सगळ्यात जास्त फोटो तुमचे आहेत. तेवढा हक्क आहे तुमचा."

शगुफ्तानं खोक्याला हात लावला नाही. "पिपरटोल्याच्या पोरीच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपून राह्यल्या, सर."

"माहीत आहे मले. अजून अकरा जण आहेत तिच्यासारखे."

"दोघांत वाटल्या तं?"

"अर्ध्या तुमच्या अब्बाले अन् अर्ध्या तिले? अन् साठा लांबला तं दोघांच्याही मधातच तुटतीन. मंग दोघांचाही टीबी बिघडंल. हे मी तुम्हाले सांगू का?" अजयनं कपाटाचा खण बंद केला. "साठा आठ-पंधरा दिवसांत येते म्हणतात. तिच्यापाशी पंधरा दिवसांच्या आहेत. तुमच्या अब्बापाशी एकही नाई. आता तुम्हीच पाहा."

हिशेब बरोबर होता. शगुफ्तानं तो मनात दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो बरोबर आला. तिनं खोका ओढणीखाली धरला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. बरोबर असलेली वस्तू आपण ओढणीखाली का लपवली, हा प्रश्न तिला घरी पोचल्यावर पडला.

साठा पंधरा दिवसांत आला नाही.

विसाव्या दिवशी इंदुताईंचा फोन आला. "ताई, दिव्यानीच्या गोळ्या अजून चालू आहेत, तुम्ही घोर करू नका."

"चालू कशा? पंधरा दिवसांच्या होत्या न?"

"लटारूभाऊनं डोकं लावलं. म्हणे, पुढच्या कधी भेटतीन पत्ता नाई, तं रोज एकच दिऊ. पंचेचाळीस दिवस पुरतीन. लय जपून राह्यला बिचारा. गोळ्या धानाच्या कोठीत ठेवल्या, चावी कमरेले."

कमी गोळी म्हणजे काय, हे शगुफ्ताला पाठ होतं. प्रत्येक गावात ती स्वतःच बोलून दाखवायची, की कमी गोळीनं जंतू मरत नाही, गोळीला सरावतो, आणि मग पुरी गोळी दिली तरी हसतो. आता तिनं सांगायला हवं होतं की असं एक-एक देऊ नका, याच्यापेक्षा बंद केलेलं बरं. पण बंद करा म्हणावं तर लटारू विचारणार, मग चालू कधी होईल? कुठीच नाहीत का गोळ्या? आणि कुठी आहेत ते शगुफ्ताला माहीत होतं. स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे.

"ताई, आहा का?" इंदुताईंनी विचारलं. "बरोबर करून राह्यला न तो?"

"साठा येऊनच राह्यला," शगुफ्ता म्हणाली. "दोन-चार दिवस फक्त."

तिनं फोन ठेवला. नंतर कितीदा तरी तिनं तो फोन आठवला. खोका घेतला त्याचं कारण तिच्यापाशी होतं. त्या एका वाक्याचं नव्हतं.

साठा आला तेव्हा पंचेचाळिसावी गोळी संपून आठवडा झाला होता. दिव्यानीला ताप पुन्हा चढला होता. पुऱ्या गोळ्या सुरू केल्या तरी तो उतरेना. बेडका पुन्हा तपासला. या वेळच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मुख्य औषध आता लागू पडत नाही. तिला चंद्रपूरच्या वॉर्डात हलवलं. तिथं नवी, जास्त ताकदीची औषधं होती. त्यांनी तिच्या पायांना मुंग्या यायच्या आणि अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. नर्सिंग कॉलेजच्या फिटनेस तपासणीची तारीख ती वॉर्डात असतानाच निघून गेली. तिच्या जागेवर यादीतली पुढची मुलगी गेली.

शगुफ्ता तिला भेटायला गेली. दिव्यानी खाटेवर बसून होती, तोंडाला मास्क, वेणी तशीच घट्ट. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला ती गोळ्यांची वेळ सांगत होती.

"ताई, तुम्ही कशाले आल्या एवढ्या उन्हाच्या?" मग ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी घरी नसत्या आल्या, तं मले कळलंच नसतं. बाबा येऊ देतच नव्हते."

"नर्सिंगचं पुढच्या वर्षी पाहू," शगुफ्ता म्हणाली.

"डॉक्टर म्हणते डावी बाजू पहिल्यासारखी होत नाई. जिना चढली का दम लागते." दिव्यानीनं हे कुरकुर न करता सांगितलं, दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट वाचावा तसं. "नर्सले वॉर्डात धावपळ असते न, ताई?"

शगुफ्तानं सोबत आणलेली संत्री खाटेशी ठेवली आणि बसचं निमित्त काढून उठली.

घरी मुश्ताक जेवत होते. गालांवर मांस आलं होतं, आवाज पुन्हा दुकानापर्यंत पोचू लागला होता. शगुफ्तानं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. खोका, अजय, कोठीतल्या गोळ्या, फोनवरचं वाक्य. मुश्ताकचा घास हातातच राहिला.

"मुझे क्यूं बताया?" ते म्हणाले. "उस वक्त बताती, तो मैं मना करता. अब बताके क्या करूं? निकालके दूं उसको, पेट में से?"

तिनं पाण्याचा गिलास त्यांच्याकडे सरकवला.

"उस वक्त पूछना था, बेटा. नाई पूछा, क्यूंके तेरे को मालूम था मैं क्या बोलता."

त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाकडे बराच वेळ पाहिलं. मग घेतल्या, पाण्याबरोबर, एकेक करून. त्यानंतर दोघांत तो विषय निघाला नाही. दुसरेही फारसे निघाले नाहीत.

मेच्या शेवटी शगुफ्ता पिपरटोल्याला गेली. या वेळी मशीन घेतली नव्हती. इंदुताईंना आधी भेटली, तर त्या म्हणाल्या, "कशाले सांगता? तुमचं ओझं उतरंल, त्याच्या डोक्यावर चढंल." तरी ती गेली.

लटारू अंगणात बांबूच्या कमच्या सोलत बसला होता. त्यानं तिच्यासाठी खाट ओढली, आत जाऊन पाणी आणलं आणि तिनं तोंड उघडण्याआधी स्वतःच बोलायला लागला.

"बाई, माझंच चुकलं. डॉक्टरनं इचारलं का गोळ्या कमी कोणं दिल्या. म्या सांगितलं, मीच दिल्या. डॉक्टर म्हणे, बापानंच बिमारी पक्की केली." त्याच्या हातातली कमची मधोमध चिरत गेली. "म्या पुरवून पुरवून दिल्या हो. एक दिवस नाई चुकलो."

"तुमचं नाई चुकलं, भाऊ," शगुफ्ता म्हणाली, आणि मग थांबता आलं नाही. तिनं सांगितलं. साठा नव्हता तेव्हा एक खोका होता. तो तिनं घरी नेला. लटारू एक-एक गोळी देत होता हे तिला गोळ्या संपायच्या पंचविसेक दिवस आधीच कळलं होतं आणि ती गप्प बसली.

लटारूनं सगळं ऐकून घेतलं. समजायला त्याला थोडा वेळ लागला असावा, कारण त्यानं विचारलं ते भलतंच.

"तुमचे अब्बा बरे आहेत न आता?"

"हो."

"किती वर्साचे?"

"बासष्ट."

लटारूनं मान हलवली. बासष्ट आणि एकोणीस हे दोन आकडे तो तोंडानं बोलला नाही. कमच्यांचा ढीग त्यानं उगाच इकडचा तिकडे केला.

"कोणाले सांगितलं हे?"

"अब्बाले. इंदुताईले. अन् आता तुम्हाले."

"दिव्यानीले नका सांगजा." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे शगुफ्ताला तो ऐकवेना. "पुढच्या महिन्यात येते ती घरी. सगळ्याईले सांगत असते, आमच्या ताईनं मले वाचवलं म्हणून. नर्सिंग गेलं, कॉलेज गेलं, सोयरिकीचा तं इचारच नाई. एवढी एक गोष्ट आहे तिच्यापाशी, ते राहू द्या."

"तुम्ही मले काही बोला, भाऊ."

"काय बोलू?" लटारू म्हणाला. "बोलून तुमाले बरं वाटंल. मी काऊन बरं वाटू देऊ?"

त्यानं नवा बांबू मांडीखाली घेतला आणि सुरी चालवायला लागला. शगुफ्तानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग पाण्याचा रिकामा गिलास दाराशी ठेवून ती उठली आणि फाट्याकडे चालायला लागली. दुपारची एस.टी. यायला अजून दोन तास होते. फाट्यावर सावली नव्हती.