ओठगिळी

एका कागदावर सही केली तर वेलांटीबाईंना काय काय मिळणार, ते धाकट्या मालकांनी चहा निवायच्या आत सांगून टाकलं. शालेय कोशाच्या नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नाव, तेही संपादक म्हणून. निवृत्तीच्या दिवशी सोडलेली खिडकीजवळची खुर्ची परत. वर मालकांची मर्जी, जी त्या छापखान्यात थोरल्यांच्या काळापासून दुर्मिळच होती. बदल्यात बाईंनी एवढंच लिहून द्यायचं, की आपला इंटरनेटवरचा फुकट कोश या कोशावरून उचलला आहे आणि तो आपण बंद करत आहोत.

बाईंचं खरं नाव छापील कोशाच्या दुसऱ्या पानावर होतं, ‘यातील प्रत्येक शब्द यांनी तपासला आहे’ या ओळीखाली. एरवी सगळा छापखाना त्यांना वेलांटीबाईच म्हणे. एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी त्यांना दाताखालच्या खड्यासारखी लागायची.

निवृत्तीनंतर एकदा त्या भाचीच्या शाळेत गेल्या, तर हाच कोश मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. घरी येऊन भाचीला म्हणाल्या, आपण बिनकुलपाचा कोश काढू. भाची संगणक शिकवायची; तिने संकेतस्थळ उभारलं. शब्द मुलांनी घालायचे, अर्थही त्यांनीच आपल्या भाषेत लिहायचे, चुका तेवढ्या बाईंनी काढायच्या. तीन वर्षांत चाळीस शाळा आणि एकवीस हजार शब्द झाले. ‘कंटाळा’ म्हणजे ‘घड्याळाकडे बघायचं कारण’ असं एकाने लिहिलं होतं. बाईंनी फक्त ‘घड्याळा’तला ‘ड’ सुधारला.

मालकांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. त्यावर बाईंच्याच कोशातली नोंद होती:

ओठगिळी (स्त्री.) : उत्तर येतं, पण आपण सांगत नाही. मग दुसराच सांगतो.

“हा शब्द जगात नाहीच, बाई. चोर पकडायला बाबांनी मुद्दाम आमच्या कोशात घातला होता. आमच्याकडून उचलल्याशिवाय तुमच्याकडे आला कसा?”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. बावीस वर्षांपूर्वी थोरले मालक म्हणाले होते, एक खोटा शब्द द्या आणि कुणाकडे बोलू नका. पाच मिनिटांत तो रचला होता बाईंनीच. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने तो त्यांच्या कोशात घातला. छापील कोशात वाचला असणार. मागोमाग तीन शाळांतून त्याची वाक्यं आली. ‘वर्गात मला ओठगिळी होते.’ बाईंचं बोट खोडायच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. दुसऱ्या कुणाची चूक असती तर त्यांनी एका फटक्यात उडवली असती. ही पोटची लेक निघाली.

“म्हणजे शब्द खोटा आहे?” त्यांनी विचारलं.

“शंभर टक्के.”

“मग शाळांना तसं कळवा, की बावीस वर्षं आम्ही खोटा शब्द विकला. आणि खरा असेल, तर तो बोलणाऱ्यांचा. तुमचा कसा?”

मालक गोड हसले. “कळवू की. पण दुसऱ्या पानावर नाव कुणाचं आहे, बाई?”

घाव वर्मी बसला. बाईंकडे मिरवायला होतं काय, तर या बाईच्या नजरेतून चूक सुटत नाही, एवढी एक ख्याती. त्या उठल्या. कागद तसाच बिनसहीचा राहिला.

भाचीने घरी तोड काढली. मुलांनी तो शब्द आपणच रचला म्हणून सांगायचं. मावशीचं नावही वाचेल, कोशही. “कुणाला कळतंय, मावशी?”

“मला कळतंय ना. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणि उत्तर येत असताना गप्प बसायचं, त्याला काय म्हणतात गं?”

भाचीने कीबोर्ड मावशीपुढे सरकवला.

एका बोटाने एकेक कळ दाबत बाईंनी नोंदीखाली भर घातली: ‘व्युत्पत्ती : छापील कोशासाठी मुद्रितशोधक बाईंनी खोटा म्हणून रचला. मुलांनी वापरून खरा केला.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, वेलांट्या दोनदा तपासल्या आणि नोंद चाळीस शाळांना धाडली. एक प्रत मालकांना.

मालक कोर्टात गेले नाहीत. गेले असते तर आपल्याच कोशात खोटा शब्द असल्याचं शपथेवर सांगावं लागलं असतं. वर्तमानपत्रात मात्र एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, या बाईंनी एकतीस वर्षांत असे आणखी किती खोटे शब्द सोडले? छापखान्यातले जुने जोडीदार रस्त्यात दिसले की दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

नवी आवृत्ती निघाली. भाचीच्या शाळेतली प्रत मुख्याध्यापकांच्या त्याच कपाटात जाऊन बसली. बाईंनी ती मागून घेतली. त्यात ओठगिळी नव्हती. दुसऱ्या पानावर नावाच्या जागी नुसता पांढरा कागद. सवयीने हात पिशवीतल्या लाल पेन्सिलीकडे गेला. मजकूर सुटला की मुद्रितशोधक करतात ती काकपदाची खूण बाईंनी तिथे केली, आणि वर काहीही न लिहिता पुस्तक परत दिलं.

तेव्हा मालकांचा गेला एक शब्द, बाईंचं गेलं नाव. मुलांना ओठगिळी अजूनही होते; शब्द मात्र त्यांना फुकटात मिळाला.